महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतील संघसंख्येचा विस्तार : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही स्पर्धेत किती संघांना प्रवेश द्यावा हा प्रश्न वरकरणी व्यवस्थापनाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी न्यायाची एक विशिष्ट कल्पना असते. स्पर्धा श्रेष्ठ संघ निवडण्यासाठी आहे की अधिकाधिक विद्यार्थ्यांना खेळण्याची संधी देण्यासाठी, या प्रश्नाचे उत्तर संघसंख्येच्या आकड्यातून दिले जाते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा अनेक दशके चालू आहे. ६८ संघांची ही स्पर्धा ७२ किंवा ७६ संघांची करावी असा प्रस्ताव अलीकडे पुढे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र २०२६ ची स्पर्धा ६८ संघांचीच राहील असे संबंधित समित्यांनी ठरविले. विस्ताराचे समर्थक त्यास संधीचा विस्तार म्हणतात, तर विरोधक त्यास दर्जाचा ऱ्हास मानतात.

ही चर्चा आपल्याकडील महाविद्यालयांना दूरची वाटण्याचे कारण नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन विभागांच्या स्पर्धा, त्यानंतर आंतरविभागीय स्पर्धा, विद्यापीठ संघाची निवड आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी चढती रचना आहे. सांगली विभागात मोडणारे इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे ठिकाण होय. त्याचे नाव बदलून ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. कला, वाणिज्य, विज्ञान, कन्या, अभियांत्रिकी व औषधनिर्माण अशा विविध महाविद्यालयांमुळे हे शहर या रचनेचा पाया कसा आहे हे समजण्यास उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात पुढील तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत.

१. अमेरिकेतील संघसंख्येच्या विस्ताराचा इतिहास तपासून त्याचा लाभ व भार कोणाच्या वाट्यास आला हे पाहणे.
२. भारतातील आंतरविद्यापीठ व आंतरमहाविद्यालयीन रचनेत विस्तार कोणत्या मार्गाने घडतो याचा शोध घेणे.
३. विभागीय पातळीवर विस्ताराचा खरा अर्थ काय असावा याची मांडणी करणे.

आठ ते अडुसष्ट : विस्ताराचा इतिहास

डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनने, म्हणजेच एनसीएएने, १९३९ मध्ये पुरुषांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली. त्या स्पर्धेत केवळ ८ संघ होते आणि अंतिम सामन्यात ओरेगॉनने ओहायो स्टेटचा ४६-३३ असा पराभव केला. १९५१ मध्ये ही संख्या १६ झाली, १९७५ मध्ये ३२, १९८० मध्ये ४८ आणि १९८५ मध्ये ६४ झाली. २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८ असा पुढील प्रवास आहे.

या आकड्यांपेक्षा १९७५ च्या बदलामागील कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्यापूर्वी प्रत्येक परिषदेतून एकाच संघाला प्रवेश मिळत असे. परिषद म्हणजे ठरावीक महाविद्यालयांचा परस्परांत खेळणारा गट. १९७४ च्या अटलांटिक कोस्ट परिषदेच्या अंतिम सामन्यात मेरीलँडचा संघ नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० असा पराभूत झाला. देशातील अग्रगण्य संघांमध्ये गणना होत असूनही त्या एका पराभवामुळे मेरीलँडला स्पर्धेबाहेर राहावे लागले. विजेत्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले. विजेत्याखेरीज दुसऱ्याही संघाची निवड करण्याची मुभा १९७५ पासून मिळाली. म्हणजेच हा विस्तार एका ठसठशीत अन्यायाचे निवारण म्हणून झाला होता. ज्याला वगळणे चुकीचे होते त्याला आत घेण्यासाठी दार रुंद करण्यात आले.

२०११ च्या विस्ताराची पार्श्वभूमी वेगळी आहे. २०१० मध्ये ९६ संघांची स्पर्धा घेण्याचा विचार चालू होता. अखेरीस ६८ ही संख्या निश्चित झाली, आणि त्याच वेळी दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा १०.८ अब्ज डॉलर्सचा करार झाला. २०१६ मध्ये हा करार आणखी ८.८ अब्ज डॉलर्सना २०३२ पर्यंत वाढविण्यात आला. येथे विस्ताराचा हेतू केवळ न्यायाचा उरला नाही. अधिक सामने म्हणजे अधिक प्रक्षेपण, आणि अधिक प्रक्षेपण म्हणजे अधिक उत्पन्न, हे गणित त्यात उघडपणे मिसळले.

लाभ कोणास आणि भार कोणावर ?

विस्ताराच्या बाजूने दिला जाणारा मुख्य पुरावा दुर्लक्षित संघांच्या यशाचा आहे आणि तो दुर्बल नाही. २०११ मध्ये, म्हणजे ६८ संघांच्या पहिल्याच वर्षी, व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा संघ प्राथमिक फेरीतून सुरुवात करून अंतिम चारांत पोहोचला. २०२१ मध्ये यूसीएलएनेही असाच प्रवास केला. २०२३ मध्ये फेअर्ले डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाने प्राथमिक फेरी जिंकून पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यू संघाचा ६३-५८ असा पराभव केला. हा संघ आपल्या परिषदेच्या अंतिम सामन्यात हरला होता. तेथील विजेता संघ वरच्या श्रेणीत नव्याने आल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेस अपात्र होता, म्हणून ही जागा त्यांना मिळाली. शेवटच्या जागेवरून आलेला संघ दुबळाच असतो हे गृहीतक या उदाहरणांनी खोटे ठरविले आहे. त्यामुळे 'विस्ताराने दर्जा घसरतो' हा सरधोपट आक्षेप टिकत नाही.

तथापि विस्ताराची वाढीव जागा कोणास मिळते हा प्रश्न शिल्लक राहतो. २०२५ च्या स्पर्धेत ६८ पैकी ३१ संघ परिषदांचे विजेते म्हणून हक्काने आले आणि उरलेल्या ३७ संघांची निवड समितीने केली. त्या वर्षी साउथईस्टर्न या एकाच धनाढ्य परिषदेच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. लहान परिषदांची संख्या वाढत नसल्यामुळे हक्काच्या जागा वाढत नाहीत. नव्या जागा निवडीच्या असतात आणि निवडीच्या जागा बलाढ्य परिषदांतील मधल्या क्रमांकाच्या संघांकडे झुकतात. संधीच्या नावाने उघडलेले दार अशा रीतीने आधीच आत असलेल्यांच्या भाऊबंदांसाठी उघडते.

भाराची वाटणीही अशीच विषम आहे. २०११ पासून प्राथमिक फेरीत चार सामने होतात. त्यांपैकी दोन सामने निवडीने आलेल्या शेवटच्या चार संघांत आणि दोन सामने सर्वांत खालच्या मानांकनाच्या चार परिषद-विजेत्यांत खेळविले जातात. म्हणजे लहान परिषदेचे विजेतेपद मिळवूनही काही संघांना मुख्य फेरीत शिरण्यासाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते, तर मोठ्या परिषदेतील सहाव्या-सातव्या क्रमांकाचा संघ थेट मुख्य फेरीत असू शकतो.

महिलांच्या स्पर्धेचा इतिहास या विषमतेचा आणखी एक पैलू दाखवितो. एनसीएएची महिलांची स्पर्धा १९८२ मध्ये ३२ संघांनिशी सुरू झाली आणि १९९४ मध्ये ६४ संघांची झाली. पुरुषांची संख्या २०११ मध्ये ६८ झाली, पण महिलांना त्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. २०२१ मध्ये महिला व पुरुष संघांना दिलेल्या व्यायाम-सुविधांतील ढळढळीत तफावत लोकांसमोर आल्यानंतरच ही समानता प्रत्यक्षात आली.

एक बाब येथे विसरता कामा नये. अमेरिकेत ज्या संघाला या स्पर्धेत प्रवेश मिळत नाही तो संघही नियमित हंगामात सुमारे तीस सामने खेळलेला असतो. तेथील वाद तीस सामन्यांनंतरच्या एकतिसाव्या सामन्याविषयी आहे. आपल्याकडील प्रश्नाचे स्वरूप येथेच मुळातून बदलते.

भारतातील विस्तार : चर्चेविना घडणारा

भारतीय विद्यापीठ संघाचा, म्हणजे एआययूचा, उगम १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळात आहे. या संस्थेच्या आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धेत देशातील विद्यापीठे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा विभागांत खेळतात. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविभागीय स्पर्धेस पात्र ठरतात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांमुळे या शिडीला आणखी एक पायरी जोडली गेली. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास राज्यातील विद्यापीठांच्या 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवातही बास्केटबॉलचा समावेश आहे.

या रचनेत वरच्या जागा मर्यादित असल्या तरी प्रवेश घेणाऱ्या घटकांची संख्या सतत वाढत आहे. २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. तोवर शिवाजी विद्यापीठाच्या संघासाठी स्पर्धा करणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विद्यापीठ संघ त्यानंतर अस्तित्वात आला. २०२१ मध्ये साताऱ्यात तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. याखेरीज खासगी व अभिमत विद्यापीठांची भर पडत आहे. परिणामी अडीचशेहून अधिक महाविद्यालयांच्या विद्यापीठाला एक प्रवेश, तीन महाविद्यालयांच्या विद्यापीठाला एक प्रवेश आणि एकाच संकुलातील खासगी विद्यापीठालाही एक प्रवेश, अशी स्थिती निर्माण होते.

यात कोणाचा दोष दाखविण्याचे प्रयोजन नाही. नव्या विद्यापीठांमुळे अधिक खेळाडूंना विद्यापीठाचे प्रतिनिधित्व मिळते, हा लाभ निर्विवाद आहे. एका विद्यापीठ संघात बारा खेळाडू असतात, म्हणून प्रत्येक नवे विद्यापीठ बारा नव्या खेळाडूंना ती संधी देते. परंतु हा विस्तार क्रीडाविषयक विचारातून झालेला नाही. तो शैक्षणिक प्रशासनाच्या निर्णयाचा आनुषंगिक परिणाम आहे. अमेरिकेत चार जागा वाढविण्यासाठी वर्षानुवर्षे वाद होतात, तर आपल्याकडे विभागीय स्पर्धेतील प्रवेश वाढत जातात आणि पात्रतेच्या चार जागा मात्र तशाच राहतात. संख्या वाढते तसतशी बाद पद्धतीच्या पहिल्या फेरीत गारद होणाऱ्या संघांची संख्याही वाढते.

आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धेची रचना सामान्यतः प्रारंभी बाद पद्धत आणि अखेरच्या चार संघांत साखळी पद्धत अशी असते. अव्वल चार संघांचा क्रम अचूक ठरावा हा त्यामागील हेतू योग्य आहे. मात्र याचा अर्थ असा, की ज्यांनी आधीच सर्वाधिक सामने खेळलेले असतात त्यांनाच साखळीचे आणखी सामने मिळतात आणि ज्यांना सामन्यांच्या अनुभवाची सर्वाधिक गरज असते ते पहिल्या दिवशीच परततात.

पायथ्याशी काय घडते ?

शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत संलग्न महाविद्यालयाला प्रवेश मिळविण्यासाठी कोणत्याही निवडीतून जावे लागत नाही. या अर्थाने आपली स्पर्धा अमेरिकेतील स्पर्धेपेक्षा कितीतरी अधिक खुली आहे. तरीही बास्केटबॉलमध्ये संघ उतरविणारी ग्रामीण महाविद्यालये मोजकीच असतात. वाळवा तालुक्याच्या मातीत कबड्डी, कुस्ती, खो-खो हे खेळ रुजलेले आहेत. कबड्डीला मातीचे मैदान पुरते. बास्केटबॉलसाठी २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असा टणक पृष्ठभाग, ३.०५ मीटर उंचीवरील दोन रिंगा, भक्कम फळे आणि पायांत चांगले बूट लागतात. हा खर्च करून, दहा-बारा विद्यार्थी जमवून, शारीरिक शिक्षण संचालक सराव घेतात. तो संघ विभागीय स्पर्धेला जातो, पहिल्याच फेरीत मातब्बर शहरी संघाशी गाठ पडते आणि घड्याळी चाळीस मिनिटांच्या खेळात त्या संघाचे वर्ष संपते.

हे केवळ दुर्दैव नसून बाद पद्धतीच्या गणिताचा तो अटळ परिणाम आहे. बाद पद्धतीत जितके संघ असतील त्याहून एक कमी इतके सामने होतात. उदाहरणादाखल एखाद्या विभागीय स्पर्धेत १६ संघ आहेत असे मानल्यास एकूण सामने १५ होतात. त्यांत ८ संघ फक्त एक सामना खेळतात, ४ संघ दोन, २ संघ तीन आणि २ संघ चार सामने खेळतात. संघामागे सरासरी दोन सामनेही भरत नाहीत. संघसंख्या १६ वरून ३२ केली तर पहिल्या फेरीत परतणारे संघ ८ ऐवजी १६ होतात, पण सरासरी दोनच्या आतच राहते. याचा अर्थ असा, की बाद पद्धत कायम ठेवून केलेला संघसंख्येचा विस्तार सहभागाची नोंद वाढवितो, परंतु निम्म्या संघांच्या वाट्याला येणारा खेळ वाढवीत नाही.

यात विद्यापीठ संघाच्या निवडीचाही प्रश्न गुंतलेला आहे. निवड समितीस खेळाडू पाहावयास मिळतात ते प्रामुख्याने या स्पर्धांमधून. दुबळ्या संघातील एखादा गुणी खेळाडू एकाच सामन्यात, तोही एकतर्फी सामन्यात, दिसतो. निवड चाचणीत त्यास संधी मिळू शकते. तथापि अंतिम फेरीपर्यंत खेळणाऱ्या संघातील खेळाडू समितीच्या डोळ्यांसमोर चार वेळा येतो, हे अंतर सहजी भरून निघत नाही.

पर्यायांचे मूल्यमापन

या स्थितीवर दोन पर्याय विचारात घेता येतात. दोन्ही शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकविले जातात, त्यामुळे ते नवीन नाहीत. नवीन आहे ती त्यांची पायथ्याच्या पातळीवर निकड.

पहिला पर्याय कन्सोलेशन पद्धतीचा. पहिल्या फेरीत पराभूत झालेल्या आठ संघांत आणखी चार सामने खेळविल्यास एकूण सामने १५ ऐवजी १९ होतात आणि प्रत्येक संघास किमान दोन सामन्यांची हमी मिळते. एका सामन्यास विश्रांती व थांब्यांसह दीड तास धरला, तर एका मैदानावर दिवसाला सहा व दोन मैदानांवर बारा सामने होऊ शकतात. या हिशेबाने १५ सामन्यांनाही दोन दिवस लागतात आणि १९ सामन्यांनाही दोनच दिवस लागतात. पराभूत संघांचे सामने पहिल्याच दिवशी सायंकाळपूर्वी आटोपल्यास त्यांना मुक्कामही करावा लागत नाही. वाढीव खर्च उरतो तो चार सामन्यांच्या पंचांच्या मानधनाचा. इतक्या अल्प खर्चात आठ महाविद्यालयांचे खेळाचे वर्ष दुप्पट होते.

दुसरा पर्याय गटसाखळीचा. सोळा संघांचे चार गट केल्यास साखळीचे २४ सामने आणि प्रत्येक गटातील दोन संघ घेऊन बाद फेरीचे ७, असे ३१ सामने होतात. प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतात. क्रीडादृष्ट्या हा पर्याय सर्वांत समाधानकारक आहे, परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. दोन मैदानांवर साखळीलाच दोन दिवस लागतात. उरलेले सात सामने तिसऱ्या एकाच दिवशी उरकल्यास अंतिम फेरीतील संघास दिवसात तीन सामने खेळावे लागतात, जे आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य आहे. म्हणून चौथा दिवस आवश्यक ठरतो. सत्र पद्धतीत अध्यापनाचे दिवस आधीच अपुरे पडत असताना चार दिवसांच्या गैरहजेरीस प्राध्यापकवर्गाचा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. जतसारख्या पूर्वेकडील तालुक्यातून येणाऱ्या संघास निवास व भोजनाचा भार सोसावा लागतो. या अडचणीवर जवळच्या महाविद्यालयांचे गट करून साखळीचे सामने आठवड्याच्या सुटीच्या दिवशी गटातच घेणे व बाद फेरी तेवढी एकत्र घेणे हा मार्ग राहतो. इस्लामपूर, आष्टा, पलूस, तासगाव, विटा यांसारखी गावे अशा स्थानिक साखळीस सोयीची आहेत.

महिला संघांच्या बाबतीत गटसाखळीची उपयुक्तता अधिक आहे. मुलींच्या स्पर्धेत संघ तुलनेने कमी असतात. चार-पाच संघच आल्यास बाद पद्धतीत पुढे चाल मिळून एखादा संघ एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत जातो आणि तेथे हरून परततो. अशा वेळी पूर्ण साखळी घेणे सर्वार्थाने उचित ठरते. पाच संघांच्या साखळीत दहाच सामने होतात आणि प्रत्येक संघास चार सामने मिळतात.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर असा आक्षेप घेतला जाईल, की दुबळ्या संघांना अधिक सामने दिल्याने अधिक एकतर्फी पराभवच पदरी पडतील. गटसाखळीत हा धोका काही अंशी आहे. मात्र कन्सोलेशन पद्धतीत पराभूत संघ पराभूत संघाशीच खेळतो, त्यामुळे दुसरा सामना पहिल्यापेक्षा तुल्यबळ होण्याची शक्यता अधिक असते. दुसरा आक्षेप असा, की स्पर्धेचा हेतू विजेता ठरविणे हा असून सराव देणे हे महाविद्यालयाचे काम आहे. व्यावसायिक स्पर्धेस हा युक्तिवाद लागू पडेल. विद्यापीठाची स्पर्धा ही शिक्षणाचा भाग आहे. परीक्षेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका काढून घेतली जात नाही, मग मैदानावर वेगळा न्याय का असावा, याचे उत्तर या आक्षेपात मिळत नाही.

निष्कर्ष

१. अमेरिकेतील संघसंख्येचा विस्तार १९७५ मध्ये अन्यायनिवारणाच्या गरजेतून झाला. पुढील काळात त्यात प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा हेतू मिसळला आणि वाढीव जागांचा लाभ प्रामुख्याने बलाढ्य परिषदांकडे झुकला.
२. विस्ताराने दर्जा घसरतो हा आक्षेप तेथील अनुभवाने सिद्ध होत नाही. खरा आक्षेप लाभ व भार यांच्या विषम वाटणीवर घ्यावयास हवा.
३. भारतात विस्तार नव्या विद्यापीठांच्या निर्मितीमुळे आपोआप घडत आहे. पात्रतेच्या जागा व सामन्यांची रचना यांचा त्या प्रमाणात पुनर्विचार झालेला दिसत नाही.
४. विभागीय पातळीवर विस्ताराचे माप संघसंख्या हे नसून प्रत्येक संघाच्या वाट्यास येणारे किमान सामने हे असावे. कन्सोलेशन पद्धतीने दोन सामन्यांची हमी देणे जवळपास विनाखर्च शक्य आहे.

समारोप

अमेरिकेतील चर्चा शिडीच्या वरच्या टोकाला आणखी किती जणांना उभे करावे याविषयी आहे. ती आहे तशी उचलून आपल्याकडे आणल्यास हाती काही लागणार नाही, कारण येथील उणीव शिडीच्या पहिल्या पायरीवर आहे. तीन जिल्ह्यांतील शारीरिक शिक्षण संचालक हंगामापूर्वी स्पर्धांचे नियोजन करतात, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत चार सामन्यांची भर घालण्याचा निर्णय त्यांना घेता येईल. पहाटेच्या एस.टी.ने स्पर्धेला आलेला संघ दुपारच्या आत हरून परतण्याऐवजी त्याच दिवशी आणखी एक सामना खेळून परतेल. पुढील वर्षी त्या महाविद्यालयाने पुन्हा संघ उतरवावा की नाही याचा निर्णय बहुधा त्या दुसऱ्या सामन्यावरच अवलंबून राहील.